अमेरिकेत शिकताना लेपर्ड गेको पाळायचा असेल तर

लेपर्ड गेको (ठिपक्यांची, पाळली जाणारी पाल) नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षं जगतो, आणि एमएस दोन वर्षांत संपतं. परतताना त्याला भारतात आणता येईल हे धरून चालू नका. नंतर तो कोणाकडे राहील हे आधी ठरवा आणि शक्यतो रेस्क्यूमधला (सोडून दिलेले प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेतला) प्रौढ गेको घ्या. मालक शिकून निघून गेला म्हणून तिथे पोचलेलेही असतात.

अमेरिकेतल्या बऱ्याच डॉर्ममध्ये माशांशिवाय दुसरा प्राणी चालत नाही, उष्णतेच्या दिव्यांवरही बंदी असते. बाहेर अपार्टमेंट घेतलं असेल तर लीजमधलं पेट्सचं कलम वाचा, परवानगी लेखी घ्या आणि रूममेटला आधी विचारा. लपवून ठेवलेला प्राणी तपासणीत सापडला तर एका दिवसात त्याची सोय लावावी लागू शकते.

एका गेकोला 20 गॅलनची लांबट टाकी (30×12×12 इंच) ही किमान जागा. दोन नर एकत्र कधीच ठेवू नका, ते एकमेकांना फाडतात. तळाच्या एक तृतीयांश भागाखाली हीट मॅट लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय नाही. गरम बाजूची जमीन 88 ते 92 अंश फॅरनहाइट, थंड बाजू 75च्या आसपास हवी. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या बरोबर वर, टाकीच्या आत घट्ट बसवा. तो निसटला तर खोलीचं थंड तापमान मोजत राहतो, मॅट बंदच होत नाही आणि गेकोचं पोट भाजतं. टाकीखाली थोडी फट ठेवा, नाहीतर उष्णता कोंडून काच तडकते. हॉट रॉक (विजेवर तापणारा दगड) घेऊच नका.

तळाला पेपर टॉवेल किंवा खडबडीत टाइल पुरते. सुटी वाळू नको, भक्ष्याबरोबर ती पोटात जाऊन आतडं तुंबतं. लपायला तीन जागा द्या: गरम, थंड आणि दमट. दमट जागेसाठी झाकणाच्या डब्याला दीड-दोन इंचांचं भोक पाडा, कडा घासून घ्या आणि आत पिळलेलं ओलं मॉस भरा. ही जागा नसली की कात बोटांना चिकटून राहते, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळून पडतं. प्रत्येक कातीनंतर बोटं बघा. कात अडकली असेल तर कोमट उथळ पाण्यात दहा मिनिटं ठेवून ओल्या कापसाने सोडवा, ओढू नका.

प्रौढ गेकोला आठवड्यातून दोन-तीनदा खायला द्या. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. रातकिडे रात्रभर ओरडतात, निसटतात आणि टाकीत उरले तर गेकोलाच चावतात. शेअर्ड खोलीत मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) किंवा डुबिया झुरळं बरी (फ्लोरिडात डुबियावर बंदी आहे). किड्यांना आदल्या दिवशी गाजर-पालेभाजी खाऊ घाला. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर व्हिटॅमिन डी3 असलेल्या कॅल्शियमच्या पावडरीत घोळवूनच द्या. हे चुकलं की हाडं मऊ होतात, पाय वाकतात.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, म्हणून पाण्याची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका. हाताळल्यावर हात साबणाने धुवा. शेपटीला धरून कधीच उचलू नका, ती तुटते.

डिसेंबरच्या सुट्टीत जाड शेपटीचा निरोगी प्रौढ गेको आठवडाभर उपाशी राहू शकतो, पण पाणी आणि उष्णता हवीच. दोन दिवसांआड येऊन पाणी बदलेल आणि थर्मोस्टॅटचा आकडा बघेल असा मित्र ठरवा. एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या व्हेटचा फोन टाकीवर चिकटवा आणि उपचारांच्या खर्चाचं काय, तेही त्या मित्राशी आधीच बोलून ठेवा.