फ्रान्स-जर्मनीचा प्रश्न आला तर कोळशापासून सुरू करा

संध्याकाळी मी धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत पोट्ट्यांची उत्तरं तपासतो. 'दुसऱ्या महायुद्धानंतरचे फ्रान्स-जर्मनी संबंध' हा प्रश्न दिला की बहुतेक जण पहिल्याच ओळीत १९६३ साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांची गळाभेट घडवून आणतात. मुख्य परीक्षेत मीही तसंच लिहून आलो होतो. मार्क पाहिले अन् आठवडाभर तर्री-पोहेसुद्धा गोड लागले नाहीत.

तर आधी कच्च्या कागदावर नकाशा काढा. वाकडातिकडा चालेल. राईन नदी, तिला मिळणारी मोझेल, वर रूर, खाली सार आणि लॉरेन. जर्मनीकडच्या रूर आणि सारमध्ये कोळसा, फ्रान्सकडच्या लॉरेनमध्ये लोहखनिज. आपल्याकडे उमरेडला कोळसा अन् भिलाईला भट्ट्या. मधे सरहद्द आहे आणि तिच्यापायी १८७०, १९१४, १९४० असं तीनदा युद्ध झालंय, असं समजा. मग ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा-पोलाद एका सामाईक मंडळाच्या हाती द्यायचं काहून म्हटलं, हे पाठ करावं लागत नाही. मसुदा फ्रान्सच्या नियोजन खात्याचे प्रमुख झाँ मोने यांचा. त्यासाठीच्या १८ एप्रिल १९५१ च्या पॅरिस करारावर सहा देशांच्या सह्या झाल्या. सहाही नावं लिहा. लक्झेंबर्ग हमखास विसरतात.

आता सार. हा भाग पोट्टे गाळतात, अन् खरी गाठ तिथंच होती. १९४७ पासून सार आर्थिकदृष्ट्या फ्रान्सला जोडलेला होता, चलन फ्रँक. १९५४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तर सारचा वेगळा संघ पश्चिम जर्मनीविरुद्ध खेळला! सारला युरोपीय दर्जा, म्हणजे कुठल्याच एका देशात न घालता युरोपीय देखरेखीखाली स्वायत्त ठेवायचं, असं दोन्ही सरकारांनी ठरवलं, पण २३ ऑक्टोबर १९५५ च्या सार्वमतात दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांनी तो नाकारला. फ्रान्सनं निकाल मानला. १ जानेवारी १९५७ ला सार पश्चिम जर्मनीत गेला. बदल्यात फ्रान्सनं मोझेल नदी मोठ्या मालबोटींसाठी खोल करून घेतली, कारण लॉरेनच्या कारखान्यांना स्वस्त वाहतूक हवी होती. तपासताना मी सगळ्यात आधी हे वाक्य शोधतो.

२२ जानेवारी १९६३ चा एलिझे करार, म्हणजे द गॉल-आडेनाउअर यांचा मैत्री करार, चार ओळींत उरका: प्रमुखांची वर्षातून किमान दोनदा भेट, परराष्ट्रमंत्र्यांची दर तीन महिन्यांनी, आणि त्याच वर्षी तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी संयुक्त कार्यालय. 'मैत्रीचे नवे पर्व' वगैरे लिहाल तर मी लाल पेनानं खोडतो.

१९८४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दूंच्या रणभूमीवर जर्मन चॅन्सेलर कोल आणि फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ हातात हात घेऊन उभे राहिले, तो फोटो सगळ्यांना आठवतो. जागा कमी पडली तर तो सोडा, मोझेल सोडू नका.