धोक्याचं झाड ओळखताना या चुका टाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरातल्या ले-आउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाडांच्या तक्रारी सुरू होतात. तक्रार बहुधा उंच किंवा तिरप्या झाडाची असते, आणि वावधनात, म्हणजे वादळवाऱ्यात, पडतं भलतंच. कारण आपण वर बघतो, आणि झाडाचं दुखणं बरेचदा बुंध्याशी असतं.

तिरपं दिसलं की घाबरणं

लहानपणापासून तिरपं वाढलेलं झाड शेंड्याकडे परत सरळ होतं. ते पेलायला लागणारं लाकूड आणि मुळं त्याने वाढवलेली असतात. भीती यंदा कललेल्या झाडाची. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, म्हणून नुसती भेग पुरावा नाही. पण बुंध्याभोवती अर्धगोल भेग असेल, कलाच्या उलट बाजूची माती उचलली असेल, गट्टू (फरशीचे सिमेंटचे ठोकळे) वर आले असतील, तर आधी खालच्या गाड्या हलवा, रस्ता अडवा, मग फोन करा.

हिरवं आहे म्हणजे ठणठणीत आहे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. नाली, केबल किंवा सिमेंट रस्त्यासाठी खोदताना एका बाजूची मुळं कापली जातात, वर बुंध्याला चिकटून गट्टू बसतात. त्यानंतरही झाड दोन-तीन वर्षं हिरवंगार राहू शकतं, फुलतंही. मग जुलैत माती भिजून मऊ झाली की एका झोतात रस्त्यावर. गुलमोहराच्या बाबतीत हे हमखास दिसतं. म्हणून आपल्या गल्लीत कुठे, कधी, कोणत्या बाजूने खोदकाम झालं याची नोंद ले-आउटच्या वहीत ठेवा. अशी नोंद कोणीच ठेवत नाही.

बुंध्याला पंख्यासारखी कडक बुरशी आली असेल, तर आतलं लाकूड किंवा मुळं कुजत असण्याची शंका घ्या. लाकडी हातोडीने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर जाणकाराला बोलवा. मात्र पोकळी आहे म्हणून लगेच कुऱ्हाड नको. ढोबळ हिशेब असा: निरोगी लाकडाचं कवच त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाड असेल आणि बाजूला मोठं भगदाड नसेल, तर झाड उभं राहू शकतं. भगदाडात सिमेंट भरण्याने मात्र ताकद येत नाही, उलट ओल कोंडते. बुंध्याशी कचरा जाळणाऱ्यांबद्दल काय लिहावं!

शेंडा उडवणं

पावसाळ्याआधी अख्ख्या झाडाचं मुंडण करून घेणं म्हणजे पैसे देऊन पुढचा धोका विकत घेणं. त्या थोट्यांवर फुटणारे धुमारे वरच्यावर चिकटलेले असतात. काही वर्षांत जाड होतात आणि तिथूनच निखळतात. मेलेली, चिरलेली किंवा घासणारी फांदीच काढा. फांदी खोडाला मिळते तिथे फुगवटा असतो, काप त्याच्या बाहेर घ्या. जड फांदीला आधी खालून खाच द्या, मग थोडं पुढे वरून कापा आणि शेवटी उरलेला थोटा काढा, म्हणजे साल सोलली जात नाही. तारांसाठी एकाच बाजूने छाटलेल्या झाडाचा भार दुसऱ्या बाजूला जातो, तेही बघा.

खाली काय आहे हे न बघणं

रिकाम्या प्लॉटवरची वाळकी फांदी राहू द्या, घुबडांना उपयोगी पडते. तीच फांदी स्कूल व्हॅनच्या थांब्यावर असेल तर आज काढायला हवी. कधी कधी बाक किंवा चहाचा ठेला दहा फूट सरकवला की काम भागतं. झाडापेक्षा तो स्वस्त.

अर्ज मोघम करणं

शहरी भागात 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, त्यामुळे परस्पर तोडता येत नाही. मनपा हद्दीत अर्ज उद्यान विभागाकडे द्या. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 2021 च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतं. तिथे नियम आणखी कडक. ‘झाड धोकादायक आहे’ एवढंच लिहू नका. जात, बुंध्याचा घेर, दोष कोणत्या बाजूला, खाली काय, आणि बुंध्याचा जवळून फोटो द्या.

झाड तारांवर पडलं असेल तर आधी महावितरणला कळवा. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत फांदीला हात लावू नका, ओल्या जमिनीवर जवळही जाऊ नका.