‘कॉन सॉर्डिनो’ टाइप केलं, तरी ट्रम्पेट उघडाच

फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या ‘फेत’ या ऑर्केस्ट्रा-रचनेत मध्यावर दुरून एक मिरवणूक येते. हार्प, टिंपनी आणि तंतुवाद्यांचं पिझिकातो (तारा बोटांनी छेडणं) असा दबका ठेका चालू असतो, त्यावर तीन ट्रम्पेट, तिन्ही म्यूट (ट्रम्पेटच्या तोंडात खोचायचं बूच) लावलेले, अगदी हळू. ते पान मी अभ्यासासाठी नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उतरवलं, सुरुवातीला ‘कॉन सॉर्डिनो’, म्हणजे ‘म्यूट लावून’, असं लिहिलं आणि प्ले दाबलं. मिरवणूक दुरून यायची सोडून थेट आमच्या जिन्यात आली, बँडपार्टीसकट.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते तुम्ही करू नका. मिक्सरमध्ये ट्रम्पेटचा आवाज खाली ओढला. मग रिव्हर्ब (घुमारा) वाढवला. मग इक्वलायझर लावला. ट्रम्पेट लांब गेला, भिंतीपलीकडे गेला, शेवटी विहिरीत गेला, पण म्यूट काही लागला नाही. लागणार कसा? मी लिहिलेले शब्द सॉफ्टवेअरच्या लेखी नुसती शाई होती.

या एका गोष्टीवर मी जरा जास्तच बोलणार आहे. डोरिको, म्यूझस्कोर, सिबेलियस ही सगळी नोटेशन सॉफ्टवेअर. डोरिकोत शिफ्ट-एक्स दाबून लिहिलेला मजकूर फक्त छापला जातो. वाजण्यासाठी शिफ्ट-पी दाबून प्लेइंग टेक्निक म्हणून म्यूट द्यावा लागतो. पानावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, म्हणून तर फसायला होतं. म्यूझस्कोर ४ मध्येही तसंच. साधा स्टाफ टेक्स्ट मुका असतो, टेक्स्ट पॅलेटमधली ‘म्यूट’ ही खूण लावावी लागते. ती लागली की तिच्यावर डबल क्लिक करून अक्षरं हवी ती करा, इटालियन करा, फ्रेंच करा, प्लेबॅकला फरक पडत नाही. म्यूझस्कोर ३ वर असाल तर स्टाफ टेक्स्टच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन चॅनेल ‘म्यूट’ करायचा. सिबेलियस त्यातल्या त्यात समजूतदार आहे, टेक्निक टेक्स्टमधले शब्द तो आपल्या डिक्शनरीत शोधतो. पण स्पेलिंग त्याच्या ओळखीचं हवं. देब्युसीची प्रत ‘सूर्दीन’ (म्यूटचा फ्रेंच शब्द) म्हणते, तुमची डिक्शनरी काय म्हणते ते आधी उघडून बघा.

आणि म्यूट काढायलाही सांगावं लागतं! ‘ओपन’ची खूण विसरलात तर शेवटच्या बारपर्यंत ट्रम्पेट नाकातच बोलत राहतो. एकाच स्टाफवर (पाच रेघांच्या ओळीवर) दोन ट्रम्पेट असून पहिल्यालाच म्यूट हवा असेल, तर बहुतेक वेळा दोघांनाही लागतो. निमूटपणे दोन स्टाफ करा. छपाईसाठी नंतर एकत्र आणता येतात.

एवढं करूनही आवाज बदलला नाही तर घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. साउंड सेटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवाजांच्या साठ्यात, तो आवाजच नसेल. जनरल मिडी या प्रमाणित यादीतल्या १२८ आवाजांत म्यूट लावलेलं ब्रास (पितळी फुंकवाद्य) एकच आहे, ६० क्रमांकाचा म्यूटेड ट्रम्पेट. ट्रॉम्बोनला नाही, हॉर्नला नाही. त्यामुळे साध्या साउंडफाँटवर (आवाजांच्या फाइलवर) ट्रॉम्बोनला कितीही खुणा लावल्या तरी तो उघडाच वाजणार. मी तिथे म्यूटेड ट्रम्पेटचाच आवाज खालच्या पट्टीत वापरून वेळ मारून नेतो. डोळे मिटून ऐकलं तर चालतं.

इथे लोक सांगतील, महागडी सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांचा संच) घे. घ्या, पण आधी नाही. मी घेतली होती. म्यूट कसा वाजतो हेच कानाला माहीत नसेल, तर पाच म्यूट समोर असून निवडणार कोणता? व्हिडिओ ट्यूटोरियल बघूनही हे कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला ते कळलं वांद्र्याच्या एका निवृत्त ट्रम्पेटवाल्या अंकलकडे. मूळचे गोव्याचे. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड या जुन्या गोवेकर ट्रम्पेटवादकांचं नाव काढलं की खुर्चीत सरळ बसणारे. मी त्यांना माझा विहिरीतला ट्रम्पेट ऐकवला. ते म्हणाले, “हे म्यूट नाही बाबा, हा माणूस दुसऱ्या खोलीत वाजवतोय.” मग त्यांनी स्ट्रेट म्यूट खोचून पूर्ण जोरात एक सूर लावला. खिडकीच्या काचा थरथरल्या. तोवर मी म्यूट म्हणजे आवाज बंद करणं समजत होतो. म्यूट चाळणी आहे. स्ट्रेट म्यूटला कॉर्कच्या तीन पट्ट्या असतात, त्यांच्यामधल्या फटीतून आवाज बाहेर पडतो. तळाचा भाग अडतो, वरचा धारदार भाग निसटतो. कप म्यूट उलट ती धारच बोथट करतो. हार्मन म्यूटला कॉर्कचं पूर्ण कडं असतं, फट नाहीच, सगळी हवा मधून जाते. त्याची नळी काढली की जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा तो पातळ, एकाकी आवाज. नळी ठेवून तिच्या तोंडाशी हात उघडझाप केला की वा-वा. तुमच्या साउंड सेटमध्ये ‘हार्मन’ असं एकच नाव असेल, तर यातला कोणता ते वाजवून बघा.

म्हणून इक्वलायझरवर भागवायचंच असेल तर स्ट्रेट म्यूटसाठी तळ कापा, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडं उचला, आणि मिक्सरमधल्या आवाजाच्या पट्टीला हात लावू नका. हळू हवं असेल तर नोटेशनमध्येच पियानो (वाद्य नव्हे, ‘हळू वाजवा’ ही खूण) लिहा. पियानो लिहिलं की सॅम्पल हळू वाजवलेलं निवडलं जातं. पट्टी खाली ओढली की जोरात वाजवलेलं सॅम्पल दूर गेल्यासारखं वाटतं. माझी विहीर तिथेच खणली गेली होती. हॉर्नचं स्टॉपिंग, म्हणजे नोटवरची अधिक खूण, हे हाताचं काम, ते म्यूटमध्ये मोजू नका. त्याची टेक्निकही वेगळी लावावी लागते.

हे सगळं जमलं की प्लेबॅक इतका गोड लागतो की माणूस त्याच्यावर विश्वास ठेवायला लागतो. माझंही तेच झालं. एका छोट्या ग्रुपसाठी मी अरेंजमेंट केली, कॉम्प्युटरवर सुरेख वाजली. त्यात पहिल्या ट्रम्पेटला खालच्या पट्टीत, म्यूट लावून, पूर्ण सेक्शनवर ऐकू येईल अशी ओळ दिली होती. तालमीत ती कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही, कारण तिथे खऱ्या म्यूटला अंगच नसतं. शिवाय म्यूट लावला की सूर किंचित चढतो, वादकाला स्लाइड (ट्रम्पेटची सरकती नळी) ओढून तो सांभाळावा लागतो. प्लेबॅक यातलं काही सांगत नाही.

त्याच तालमीला मी अंकलना बोलावलं होतं, तिसऱ्या ट्रम्पेटवर. एका ठिकाणी उघड्या फोर्टेच्या (जोरात वाजवायच्या भागाच्या) शेवटच्या नोटनंतर एका बीटात मी हार्मन मागितला होता. ते थांबले, चष्मा कपाळावर चढवला, खिशातून पेन्सिल काढून त्या जागी दोन बारांची रेस्ट लिहिली, आणि एका हातात ट्रम्पेट, दुसऱ्या हातात म्यूट धरून मला विचारलं, “आता पान कोण उलटणार?”