गरोदरपणात केमो घेतलेल्या आईचे बाळ: त्याची रोगप्रतिकारशक्ती घरी कशी जपावी

नागपूरहून केमोची, म्हणजे कर्करोगावरील औषधांच्या उपचाराची, फाईल घेऊन गावी परतलेल्या गरोदर बाईच्या घरच्यांनी सर्वांत आधी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर सोनोग्राफीप्रमाणे किती आठवडे भरले, केमोचे डोस कोणत्या तारखांना झाले, त्यांत कोणती औषधे होती आणि पुढचा डोस कधी आहे, हे ठळक अक्षरांत लिहावे. आपल्याकडे ‘सातवा लागला’ असे सांगण्याची रीत आहे. त्या सांगण्यात तीन-चार आठवड्यांचा फरक सहज पडतो, आणि येथे नेमके तेवढेच आठवडे निर्णायक असतात. एका घरात मी बियाण्याच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर डोसच्या तारखांना लाल पेनाची वर्तुळे आणि प्रसूतीच्या तारखेवर कुंकवाचे बोट पाहिले होते. दोन्हींमधले दिवस बोटाने मोजता येत होते. डॉक्टरांना हवे असते तेही एवढेच.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे अवयव घडत असल्यामुळे केमो टाळतात. साधारण चौदाव्या आठवड्यानंतर, स्तनाच्या कर्करोगासारख्या आजारात, ठरावीक औषधे देता येतात. ही औषधे अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, तयार होणाऱ्या आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी करतात. डोसनंतर दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास त्या सर्वांत खाली जातात आणि तीन आठवड्यांच्या आसपास पुन्हा भरून येतात. आई आणि बाळ यांना जोडणारी वार (प्लासेंटा) औषधाला आंशिक अडसर ठरते, तरी काही औषध बाळापर्यंत पोहोचते. म्हणून तीन आठवड्यांनी डोस घेणाऱ्या बाईचा शेवटचा डोस आणि प्रसूती यांत किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात आणि पस्तिसाव्या आठवड्यानंतर सहसा नवा डोस देत नाहीत. हे अंतर राहिले नाही, तर आई आणि बाळ दोघांच्याही पांढऱ्या पेशी एकाच वेळी कमी असू शकतात. शिवाय पोटात असताना वारेमार्फत बाहेर पडणारे औषध जन्मानंतर बाळाच्या कोवळ्या यकृताला आणि मूत्रपिंडांना स्वतः निपटावे लागते.

दुसरी गोष्ट दिवस पूर्ण भरण्याची. आईच्या रक्तातील संरक्षक प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि सर्वाधिक शेवटच्या चार आठवड्यांत. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, ही समजूत अजूनही कानावर येते. ती पूर्णपणे चुकीची आहे, कारण पोटात मिळणारा प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. ‘बाळ लवकर काढून घ्या, मग केमो करा’ असा आग्रह घरच्यांनी स्वतःहून धरू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात गरोदरपणी कर्करोग झालेल्या मातांची १२९ मुले तपासली होती. त्यांच्या वाढीवर व बुद्धीवर उपचारांचा ठळक दुष्परिणाम आढळला नाही, मात्र अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि कमी गुण यांचा संबंध दिसला.

प्रसूती नवजात शिशू अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयातच करावी. मेळघाटातून किंवा एटापल्लीकडून निघणाऱ्यांनी कळा सुरू होण्याची वाट न पाहता छत्तिसाव्या आठवड्याच्या आतच जिल्ह्याच्या ठिकाणी, नागपुरात किंवा सेवाग्रामला राहण्याची सोय पाहावी. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, आजारी नवजाताचे उपचार आणि ने-आण विनामूल्य असते. आशाताईंकडून गाडीची नोंद आधीच करवून घ्यावी.

बाळ जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांना तो कागद दाखवून रक्ताच्या संपूर्ण तपासणीची विनंती करावी. पांढऱ्या पेशी कमी आढळल्या तरी बहुधा काही आठवड्यांत त्या सावरतात; पुन्हा तपासणी कधी करायची, ती तारीख मात्र घरी जाण्यापूर्वीच लिहून घ्यावी. आईला रिटुक्सिमॅब (रक्ताच्या काही कर्करोगांवरचे औषध) दिले असेल, तर बाळाच्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी काही महिने कमी राहू शकतात. बीसीजी, तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची आणि रोटाव्हायरसची लस या जिवंत, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत जंतूंच्या, लसी असल्याने लस टोचणाऱ्या ताईंनाही हे औषध सांगावे आणि या लसी कधी द्यायच्या ते डॉक्टरांकडून लिहून आणावे. बीसीजी वर्षाच्या आत केव्हाही देता येते. म्हणून थोडे थांबावे लागले तरी घाबरू नये. कावीळ ‘ब’ची लस जिवंत नसते, तेव्हा ती २४ तासांच्या आतच द्यावी.

दुधाचा प्रश्न सर्वांत नाजूक. केमो सुरू असताना अंगावर पाजू नये, कारण औषधे दुधात उतरतात. शेवटच्या डोसला बरेच आठवडे झाले असतील, तर चीक पाजता येईल का, हे कर्करोगतज्ज्ञांना प्रसूतीपूर्वीच विचारावे. नाही म्हटल्यास दूध पेढीचे तपासलेले दूध, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेली पावडर, उकळलेल्या पाण्यात डब्यावरील मापानेच मिसळून वाटी-चमच्याने पाजावी. डबा पुरवण्यासाठी दूध पातळ करू नये. शेजारणीचे दूध तपासल्याशिवाय देऊ नये. ‘आईच असून पाजत नाही’ हे बोलणे सासूबाईंनीच घरात बंद करावे. बाळाला छातीशी धरायला मात्र आईला सहसा कोणतीच आडकाठी नसते.

घुटी देऊ नये. ज्या सहाणेवर ती उगाळतात, तिच्या खाचांत आदल्या दिवसाचा ओलावा असतो आणि बोटाने चाटवताना तोच बाळाच्या तोंडात जातो. मध, नाळेवर हळद किंवा राख, डोळ्यांत काजळ, हेही टाळावे. बारसे महिनाभर पुढे ढकलावे. बाळंतिणीच्या बंद खोलीत धुराची शेगडी ठेवू नये, आणि कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये.

पांढऱ्या पेशी कमी असलेल्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. उलट ते गारही पडू शकते. म्हणून दर दोन-तीन तासांनी त्याच्या तळपायाला आणि पोटाला हात लावून पाहावा. काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक, अथवा ३५.५ पेक्षा कमी असेल, दूध ओढणे मंदावले असेल, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास होत असतील, छाती आत ओढली जात असेल, नाळेभोवती लाली किंवा पू दिसत असेल, तर त्याच घटकेला निघावे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजातांची काळजी घेऊन दाखवली, त्याच कामाच्या वाटेवर या भेटी आहेत. ताईंना फक्त वजन करायला न लावता तो कागदही वाचायला द्यावा.

कागद लसीकरण कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाळण्याजवळच्या खिळ्याला टांगावा. रात्री १०८ ची गाडी दारात उभी राहिली की बाळाइतकीच ती पिशवीही आठवणीने उचलावी.