क्यूएमू १०.० टाकलं तरी व्हीएम जुनंच चालतंय? नवीन गोष्टी चालू कशा करायच्या

एप्रिल २०२५ मध्ये क्यूएमू (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) १०.० आलं तेव्हा मी रात्री जागून सोर्स ओढला, बिल्ड केला, सकाळी चहा घेऊन बसलो आणि व्हीएम चालू केलं तर काय, डिस्कचा स्पीड तोच, ग्राफिक्स तसंच रडतंय, काहीच फरक नाही. आधी वाटलं बिल्ड चुकला. चुकलं काहीच नव्हतं, क्यूएमूचा स्वभावच असा आहे की तुम्ही जे सांगाल तेवढंच ते देतं आणि जुन्या व्हीएमला जुनंच हार्डवेअर दाखवत राहतं, नवीन काही हवं असेल तर हाताने चालू करावं लागतं. तर ते कसं करायचं ते लिहितोय. (कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

आणि १०.० हा आकडा बघून लय मोठा बदल समजू नका. यांचा हिशोब सरळ असतो, वर्षाचं पहिलं रिलीज एप्रिलमध्ये आणि ते पॉइंट झिरो, मग ऑगस्टमध्ये पॉइंट वन, डिसेंबरमध्ये पॉइंट टू. उबुंटू २४.०४ वाले अजून ८.२ वर आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी ९.० पासूनचं सगळंच नवीन, म्हणून मी ते पण यात धरलंय. डेबियन १३ वाल्यांना पॅकेजमध्येच १०.० मिळतं, त्यांनी बिल्डचा भाग सोडून खाली जावं.

बिल्ड करताना

डिस्ट्रोचं क्यूएमू काढू नका, त्याच्यावर टाकू पण नका. कॉन्फिगरला प्रीफिक्स द्या, ऑप्टमध्ये वेगळा फोल्डर करा आणि तिथे बसवा, म्हणजे काही बिघडलं तर जुनं शाबूत. दुसरं म्हणजे टार्गेट-लिस्ट द्यायला विसरू नका, नाहीतर ते जगातल्या सगळ्या प्रोसेसरचे एम्युलेटर बनवत बसतं आणि लॅपटॉपचा फॅन हेलिकॉप्टरसारखा फिरतो. साध्या पीसीसाठी एक्स८६-६४-सॉफ्टएमएमयू एवढं एकच पुरतं.

आता मी जिथे आपटलो ते सांगतो. बिल्ड मस्त झाला, एकही एरर नाही, व्हीएम चालू केलं तर म्हणे यूझर नावाचा नेटवर्क बॅकएंड या बायनरीत कंपाइलच केलेला नाही. नेटच नाही! झालंय असं की आधी स्लर्प नावाची नेटवर्कची लायब्ररी क्यूएमूच्या सोर्ससोबतच यायची, ७.२ पासून ती काढली, आता लिबस्लर्पचं डेव्ह पॅकेज तुम्ही स्वतः टाकायचं. ते नसलं तर कॉन्फिगर गप्प पुढे जातं. तसंच विंडोचं, जीटीके नाहीतर एसडीएलचं डेव्ह पॅकेज नसेल तर विंडो उघडतच नाही, टर्मिनलवर फक्त व्हीएनसी सर्व्हर ५९०० पोर्टवर चालू आहे अशी ओळ येते आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता. यावर उपाय सोपा आहे, जे जे हवंच आहे त्याच्यासाठी कॉन्फिगरला इनेबल-स्लर्प, इनेबल-जीटीके, इनेबल-केव्हीएम असं स्पष्ट लिहा (केव्हीएम म्हणजे लिनक्सची सोय, जिने व्हीएम थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतं). मग लायब्ररी नसेल तर ते तिथेच अडून बोंब मारतं, अर्ध्या तासाने नाही. उबुंटू-डेबियनवर पायथनचं व्हेन्व्ह पॅकेज आणि निंजा पण आधीच टाकून ठेवा.

चालू झाल्यावर कंट्रोल-आल्ट-२ दाबून क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये (कमांड द्यायची त्याची स्वतःची खिडकी) जा आणि इन्फो व्हर्जन आणि इन्फो केव्हीएम बघा. केव्हीएम इनेबल्ड दिसलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे, कारण मग प्रत्येक इन्स्ट्रक्शनचं सॉफ्टवेअरने भाषांतर चाललंय आणि व्हीएम गोगलगाय होणारच. बहुतेक वेळा तुमचा यूझर केव्हीएम ग्रुपमध्ये नसतो, एवढंच कारण असतं.

जुनं व्हीएम आणि मशीन टाइप

लिबव्हर्ट (क्यूएमूचे व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर व्हर्श डम्पएक्सएमएल करून मशीन असं लिहिलेली ओळ शोधा. माझ्या एका व्हीएममध्ये तिथे पीसी-क्यू३५-४.२ होतं! म्हणजे व्हीएम बनवलं तेव्हाचं व्हर्जन तिथे कायमचं कोरलं जातं, नंतर क्यूएमू कितीही नवीन टाका, त्या व्हीएमला ४.२ च्या काळातलाच मदरबोर्ड दिसत राहतो. हे चांगल्यासाठीच आहे, गेस्टला (व्हीएमच्या आतल्या सिस्टमला) रोज हार्डवेअर बदललेलं दिसलं तर लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवणं) वगैरे होणारच नाही. पण आता यात एक नियम आलाय, व्हर्जनवालं मशीन टाइप ३ वर्षं जुनं झालं की डेप्रिकेटेड (म्हणजे वापरू नका असा इशारा), आणि ६ वर्षांनी काढूनच टाकणार. तेव्हा ज्यांचं जुनं व्हीएम तसंच धूळ खात पडलंय त्यांनी अपग्रेडच्या आधीच बघून घ्या, एक दिवस ते चालूच होणार नाही.

उबुंटूवर आणखी एक गंमत. काही व्हीएममध्ये आकड्याच्या जागी जॅमी किंवा नोबल लिहिलेलं असतं, पीसी-क्यू३५-नोबल असं. हे नाव उबुंटूने त्यांच्या पॅकेजमध्ये घातलंय, तुम्ही सोर्समधून बनवलेल्या क्यूएमूला ते माहितीच नाही, ते सरळ नाही म्हणतं. तिथे पीसी-क्यू३५-१०.० लिहा. मात्र बदल करण्याआधी व्हीएम पूर्ण शटडाउन करा, सेव्ह करून ठेवलेलं असेल तर ती स्थिती नवीन मशीन टाइपवर उघडणार नाही, आणि डिस्कची एक कॉपी पण काढा. लिनक्स गेस्टमध्ये नेटवर्क कार्डचं नाव बदललं तर घाबरू नका. विंडोज गेस्ट कधीकधी नवीन कॉम्प्युटर समजून अ‍ॅक्टिव्हेशन मागतं.

एका डिस्कला अनेक थ्रेड

माझ्यासाठी तरी हेच सगळ्यात कामाचं फीचर. आधी कसं होतं, एका व्हर्च्युअल डिस्कला एकच आयओथ्रेड (डिस्कचं वाचन-लेखन करणारा थ्रेड) लावता यायचा. गेस्टमध्ये ८ सीपीयू असले, ८ क्यू असल्या, तरी होस्टवर (खऱ्या मशीनवर) सगळ्यांचं काम एकच थ्रेड उपसत बसायचा, रेशनच्या दुकानात आठ रांगा आणि खिडकी एकच अशातला प्रकार. ९.० मध्ये व्हर्टआयओ-ब्लॉकला आणि १०.० मध्ये व्हर्टआयओ-स्कझीला (हे दोन्ही व्हर्च्युअल डिस्क जोडायचे प्रकार) आयओथ्रेड-व्हर्टक्यू-मॅपिंग मिळालं, आता एकाच डिस्कच्या वेगवेगळ्या क्यू वेगवेगळ्या थ्रेडला वाटता येतात.

करायचं असं, आधी ऑब्जेक्ट म्हणून दोन-चार आयओथ्रेड बनवा, प्रत्येकाला आयडी द्या. मग डिव्हाइसची ओळ जेसन फॉर्ममध्ये लिहा, कारण मॅपिंग ही यादी आहे आणि ती नेहमीच्या स्वल्पविरामवाल्या पद्धतीत बसत नाही, मी तिथे तासभर घालवला. यादीत फक्त आयओथ्रेडची नावं दिली तरी चालतं, क्यू ते स्वतःच आळीपाळीने वाटतं. लिबव्हर्टमध्ये व्हर्टआयओ-ब्लॉकसाठी ही सोय १०.०.० पासून आहे, पण ते लिबव्हर्टचं १०.०.०, जानेवारी २०२४ चं, त्याचा क्यूएमूच्या १०.० शी काही संबंध नाही, हा आकड्यांचा घोळ कुणी मुद्दाम केला नसेल तरी डोक्याला ताप आहे.

लागू झालं का ते बघायला गेस्टमध्ये सिस, ब्लॉक, व्हीडीए, एमक्यू या फोल्डरमध्ये जा, जेवढ्या क्यू तेवढे नंबरचे फोल्डर दिसतील. होस्टच्या बाजूला मॉनिटरमध्ये इन्फो आयओथ्रेड्स. कॅश नन ठेवा, एआयओ नेटिव्ह किंवा आयओ-यूरिंग. आणि खरं सांगायचं तर होस्टला एनव्हीएमई एसएसडी नसेल तर यातून काही हाती लागणार नाही, फिरणाऱ्या हार्डडिस्कवर चार थ्रेड लावून ती चौपट फिरणार आहे का.

ग्राफिक्स

९.२ मध्ये व्हीनस आलं, म्हणजे गेस्टमधलं व्हल्कन (थ्रीडी ग्राफिक्सची पद्धत) होस्टच्या खऱ्या जीपीयूवर चालतं, पासथ्रू न करता, म्हणजे अख्खं कार्ड गेस्टला न देता. व्हर्टआयओ-व्हीजीए-जीएल हे डिव्हाइस घ्या, त्याला ब्लॉब ट्रू, व्हीनस ट्रू आणि होस्टमेम ४जी द्या, डिस्प्लेला जीएल ऑन. होस्टवर व्हर्गलरेंडरर ही ग्राफिक्स लायब्ररी व्हीनससकट बिल्ड केलेलं पाहिजे, कर्नल ६.१३ किंवा पुढचा ठेवा, गेस्टमध्ये नवीन मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हर). मग गेस्टमध्ये व्हल्कनइन्फो समरी चालवा, व्हर्टआयओ-जीपीयू व्हीनस आणि कंसात तुमच्या कार्डचं नाव दिसलं तर जिंकलात, एलएलव्हीएमपाइप दिसलं तर सगळं सीपीयूवरच चाललंय. हे लिनक्स गेस्टचं झालं, विंडोजवर गेम खेळायच्या आशेने याच्या मागे लागू नका.

रास्पबेरी पाय ४ चा बोर्ड पण ९.० मध्ये आला, पण त्यात इथरनेट नाही, पीसीआयई नाही, कर्नल बूट करून बघण्यापुरता ठीक. रस्टमध्ये डिव्हाइस लिहायची सोय ९.२ पासून आहे, ती डेव्हलपरसाठी, आपण हात लावायची गरज नाही.

रॅमची स्थिती फाइलमध्ये

लाइट जायची वेळ झाली आणि व्हीएममध्ये दहा गोष्टी उघड्या आहेत, तेव्हा हे उपयोगी. ९.० मधलं मॅप्ड-रॅम. जुन्या पद्धतीत रॅमची पानं (छोटे तुकडे) फाइलमध्ये एकामागून एक ओतली जायची, व्हीएम चालू असेल तर तेच पान बदललं की परत लिहायचं, परत बदललं की परत, फाइल फुगतच जायची. आता प्रत्येक पानाची फाइलमध्ये जागा ठरलेली असते, बदललं की तिथेच वरून लिहायचं, त्यामुळे अनेक थ्रेड एकदम लिहू शकतात.

मॉनिटरमध्ये आधी स्टॉप करा, थांबलेल्या व्हीएमचं प्रत्येक पान एकदाच लिहावं लागतं. मग मायग्रेट-सेट-कॅपॅबिलिटीने मॅप्ड-रॅम ऑन, मल्टीएफडी (अनेक थ्रेडनी लिहायची सोय) ऑन, आणि मायग्रेट कमांडला फाइल कोलन आणि पूर्ण पाथ. ९.१ पासून डायरेक्ट-आयओ हा पॅरामीटर पण आहे, तो लावला की होस्टची पेज कॅश उगाच भरत नाही.

परत आणताना क्यूएमू इनकमिंग डिफर देऊन चालू करायचं, त्याच दोन कॅपॅबिलिटी परत ऑन करायच्या (मी पहिल्यांदा विसरलो होतो) आणि मायग्रेट-इनकमिंगला तीच फाइल द्यायची. कमांड लाइन सेव्ह करतानाची होती तशीच पाहिजे, तीच डिव्हाइसं, तेवढीच रॅम, तेच मशीन टाइप, म्हणून ती एका स्क्रिप्टमध्ये लिहून फाइलच्या शेजारीच ठेवा. आणि या फाइलमध्ये डिस्क नसते, फक्त रॅम आणि डिव्हाइसची स्थिती असते, तेव्हा मधल्या काळात ती डिस्क दुसऱ्या कुठल्या व्हीएमला लावून त्यात काही लिहिलंत तर परत आलेल्या गेस्टच्या डोक्यातली फाइलसिस्टम वेगळी आणि डिस्कवरची वेगळी, मग एफएससीके (फाइलसिस्टम दुरुस्त करायची कमांड) पण फार काही वाचवत नाही.