बॉइंक चालत नाहीये? अनइन्स्टॉल करायच्या आधी हे बघा

बॉइंक (आपल्या पीसीची ताकद संशोधनाच्या प्रोजेक्टला देणारं सॉफ्टवेअर) टाकलं, त्यात आईनस्टाईन ॲट होम नाहीतर रोझेटासारखा प्रोजेक्ट जोडला, टास्क (प्रोजेक्टने पाठवलेली मोजणीची कामं) पण आले आणि आता सगळे नुसते पडून आहेत, असं झालं की बरेच जण अनइन्स्टॉल करून परत टाकतात. विंडोजवर त्याने सहसा काही होत नाही, कारण बॉइंकचा डेटा फोल्डर तसाच मागे राहतो आणि त्यातली जुनी सेटिंग्ज परत लागू होतात. आणि काही जण प्रोजेक्ट रिसेट करतात, ते तर त्याहून वाईट, हातातले सगळे टास्क जातात, ९० टक्के झालेला असला तरी. बहुतेक वेळा काही बिघडलेलंच नसतं, आपलंच कुठलं तरी सेटिंग बॉइंकला थांबवत असतं आणि का थांबलंय ते त्याने लिहून पण ठेवलेलं असतं.

ते कुठे, तर इव्हेंट लॉगमध्ये. व्ह्यू मेनूतून ॲडव्हान्स्ड व्ह्यू घ्या आणि कंट्रोल शिफ्ट ई दाबा. 'सस्पेंडिंग कम्प्युटेशन' अशी ओळ शोधा, तिच्या पुढेच कारण असतं. 'कम्प्युटर इज इन यूज' म्हणजे तुम्ही माउस-कीबोर्ड वापरताय म्हणून थांबलंय. 'सीपीयू इज बिझी' म्हणजे दुसरं काहीतरी सीपीयू खातंय, अँटीव्हायरसचं स्कॅन किंवा विंडोज अपडेट वगैरे. 'ऑन बॅटरीज' लॅपटॉपवाल्यांना माहीत असेलच, पण डेस्कटॉपला यूपीएस यूएसबी केबलने जोडलेला असेल तर विंडोज त्याला पण बॅटरी समजतं, त्यामुळे लाईट गेली की बॉइंक थांबतं, आणि ते चांगलंच आहे, त्याला हात लावू नका.

लॉग कळत नसेल तर सोपी टेस्ट करा. ॲक्टिव्हिटी मेनूत 'रन ऑल्वेज' करा. टास्क लगेच पळायला लागले तर शंभर टक्के सेटिंगचा प्रश्न आहे. मग परत 'रन बेस्ड ऑन प्रेफरन्सेस'वर या आणि ऑप्शन्समधल्या कम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये काय आडवं येतंय ते बघा, टेस्ट संपल्यावर रन ऑल्वेज तसंच ठेवू नका. अजून एक, प्रोजेक्टच्या वेबसाईटवर सेटिंग बदलताय आणि घरी काहीच फरक पडत नाही असं असेल तर पीसीवर लोकल सेटिंग केलेलं असणार, लोकल असलं की वेबवरचं चालत नाही.

टास्कच येत नसतील तर लॉगमध्ये 'नॉट रिक्वेस्टिंग टास्क्स' दिसतंय का बघा. त्याच ओळीत 'नो न्यू टास्क्स' असेल तर ते बटण तुमच्याकडूनच कधीतरी दाबलं गेलंय, 'डोन्ट नीड' असेल तर हातातल्या टास्कचा साठा पुरेसा आहे. मागितले पण शून्य मिळाले, तर बहुधा प्रोजेक्टकडेच काम नाही, थांबा. सेटी ॲट होम हा प्रोजेक्ट तर ३१ मार्च २०२० पासून नवीन काम पाठवतच नाही, ते जोडून वाट बघत बसू नका. अपलोड अडकला असेल आणि बाकीचं नेट नीट चालत असेल तर प्रोजेक्टचा सर्व्हर बंद असण्याची शक्यता जास्त. रीट्राय सारखं सारखं दाबायची गरज नाही, ते स्वतःच थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करतं.

आता गरमीचं, ह्यावर जरा जास्त लिहितो कारण परदेशातल्या गाईडमध्ये आपल्याकडचं हवामान धरलेलंच नसतं. ठाण्यात किंवा ऐरोली-कोपरखैरण्याला एप्रिल-मे मध्ये बंद खोलीत सगळे कोर १०० टक्के लावून पीसी दिवसभर चालवला तर सीपीयूचं तापमान ९० अंशांच्या वर जाऊ शकतं, मग सीपीयू स्वतःच स्लो होतो, कधी पीसी धाडकन बंद होतो आणि टास्क 'कम्प्युटेशन एरर' देऊन मरतात, आणि आपण प्रोजेक्टला दोष देतो. आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा, घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. मग 'यूज ॲट मोस्ट' मध्ये सीपीयूची संख्या ५० टक्के करा, ८ थ्रेड असतील तर ४ चालतील. खालचं 'सीपीयू टाइम' मात्र १००च ठेवा, ते कमी केलं की बॉइंक सारखं चालू-बंद चालू-बंद करतं आणि फॅन पण तसाच वर-खाली होतो. संख्या कमी केल्याने रॅम पण सुटते, ८ जीबीच्या मशीनवर 'वेटिंग फॉर मेमरी' येत असेल तर हाच उपाय.

विजेचा हिशोब पण करून ठेवा. पीसीने १०० वॅट जास्त खाल्ले आणि २४ तास चालला तर रोजचे २.४ युनिट, महिन्याचे ७२. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला स्लॅब बदलतो, आणि वरच्या स्लॅबचा रेट बराच जास्त असतो. मी तर म्हणेन रात्री सहा-सात तासच चालवा, प्रेफरन्सेसमध्ये वेळ ठरवता येते, खोली पण थंड राहते. फक्त विंडोजचं स्लीप बंद करा, नाहीतर पीसी झोपला की काम पण झोपलं.

ग्राफिक्स कार्ड दिसत नसेल तर बॉइंक बंद करून परत उघडा आणि लॉग अगदी वरून वाचा. 'नो यूजेबल जीपीयूज फाउंड' असेल तर ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून घ्या, विंडोज अपडेटने आलेल्या ड्रायव्हरमध्ये कधी कधी ओपनसीएल (कार्डवर मोजणी करायला लागणारा भाग) नसतं. बॉइंक सर्व्हिस म्हणून (लॉगिन न करता मागे चालणारं) इन्स्टॉल केलं असेल तरी विंडोजवर जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, मिळत नाही. एलएचसी ॲट होम या प्रोजेक्टच्या बऱ्याच टास्कना व्हर्च्युअलबॉक्स (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) लागतं आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. अँटीव्हायरस फाईल उचलून नेत असेल तर प्रोग्रामडेटामधला बॉइंक फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका (तो फोल्डर हिडन असतो), पण बॉइंक ते बनवणाऱ्या बर्कली विद्यापीठाच्या साईटवरूनच घेतलेलं असेल तरच.

टास्कचा साठा वाढवायचा मोह टाळा. 'स्टोअर ॲट लीस्ट'मध्ये १० दिवस टाकले आणि मशीन रोज चारच तास चालू, तर डेडलाईन चुकू शकते. अर्धा दिवस भरपूर झाला. आईनस्टाईन ॲट होम ज्या लायगोच्या (अमेरिकेतल्या डिटेक्टरच्या) डेटामधून गुरुत्वीय लहरी शोधतं, तसाच डिटेक्टर आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होणार आहे, २०२३ मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली, त्यामुळे हे काम मला लांबचं वाटतच नाही, आणि म्हणूनच सांगतोय की घेतलेले टास्क वाऱ्यावर सोडू नका. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये एकच टास्क दोघांना देतात आणि उत्तर जुळतंय का बघतात, तुमचा आला नाही तर समोरच्याचं झालेलं काम पण लटकून राहतं. बंद करायचं असेल तर आधी 'नो न्यू टास्क्स' दाबा, हातातले पूर्ण होऊ द्या, आणि ते जमण्यासारखं नसेल तर ॲबॉर्ट करून लगेच अपडेट दाबा, म्हणजे सर्व्हरला कळतं आणि तो टास्क दुसऱ्या कोणाला देता येतो.