फॉग लाइट लावले की फ्यूज उडतो : माझा अनुभव

कसारा घाटात धुकं दाटलं, बाइकचे फॉग लाइट लावले, की फ्यूज उडायचा आणि टेललाइटही विझायचा. मागे ट्रक असताना जीव मुठीत धरून इगतपुरी गाठली आहे. फ्यूज बदलला, बॅटरी नवी टाकली, फरक शून्य. मोठा फ्यूज मात्र कुणी टाकू नका, वायर जळते.

नाशिकला येऊन सीट काढली. 40 वॅटचे दोन दिवे, म्हणजे 12 व्होल्टवर जवळपास 7 अँपिअर, टेललाइटच्या बारीक वायरवरून घेतलेले. तिचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवली. पॉझिटिव्हवरून 10 अँपिअरचा फ्यूज (बॅटरीपासून वीतभर अंतरातच), तिथून रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) 30 नंबर पिन. 87 वरून दिवे. टेललाइटची वायर बदलून स्विचमधून 86 ला, फक्त रिले चालू करायला. 85 आणि दिव्यांची अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. निगेटिव्ह शेवटी जोडली. पावसाळाभर घाट केला, फ्यूज तोच आहे.